एकाहून जास्त वेबसाइट, एकच स्वस्त होस्टिंग: प्लॅनची तुलना नेमकी कशी करायची

स्वस्त होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवून ती चालवणाऱ्या सर्व्हरवरची भाड्याची जागा) शोधताना बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. चार कंपन्यांची दरपत्रकं उघडायची, त्यातला सगळ्यात लहान आकडा धरायचा, 'अनलिमिटेड वेबसाइट्स' वाचून खूश व्हायचं आणि तीन वर्षांचे पैसे एकदम भरून मोकळं व्हायचं. आपल्या साइटना लागतं काय, हा प्रश्न पडतो तो पहिली साइट बंद पडल्यावर.

एकाच साइटसाठी हे खपून जातं. चार-पाच साइट एका खात्यात आल्या की खपत नाही, कारण दरपत्रकात ठळक छापलेली जागा आणि बँडविड्थ (महिन्याला वाचकांपर्यंत जाणारा डेटा) तुम्हाला सहसा कमी पडत नाही. कमी पडतं ते दरपत्रकात छापलेलंच नसतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या टप्प्याला एक संध्याकाळ जाईल आणि नेमका तोच टाळावासा वाटेल. टाळलात तर पुढच्या एकाही आकड्याला अर्थ उरणार नाही.

## टप्पा १: स्वतःच्या साइटची मोजदाद

एक स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक साइटसाठी एक ओळ. रकाने एवढेच: साइट कशावर चालते, किती जागा खाते, फाइली किती, महिन्याला किती पानं पाहिली जातात, ईमेल खाती किती आणि साइट दिवसभर बंद राहिली तर कुणाचं काय अडेल.

अंदाजाने भरू नका, मोजा. वर्डप्रेस (साइट चालवायची तयार प्रणाली) असेल तर 'टूल्स'मधल्या 'साइट हेल्थ'च्या 'इन्फो' पानावर फोल्डरचे आणि डेटाबेसचे (साइटचा मजकूर साठवणाऱ्या कोठाराचे) आकार दिसतात. फाइलींची संख्या जुन्या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये (खातं सांभाळायच्या पानावर) 'आयनोड' किंवा 'फाइल युसेज' या नावाखाली सापडते.

नमुन्यादाखल एक यादी धरू:

- भटकंतीचा ब्लॉग: वर्डप्रेस, १,२०० फोटो, ६ जीबी, सुमारे २०,००० फाइली, महिन्याला ४,००० पानं
- वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी: वर्डप्रेस, ७०० एमबी, ९,००० फाइली, महिन्याला ६०० पानं
- मित्रमंडळींच्या गटाचं कार्यक्रम-वेळापत्रक: वर्डप्रेस, संपर्काचा फॉर्म, ८,००० फाइली, दोन ईमेल खाती
- स्वतःच्या परिचयाचं पान: साधं एचटीएमएल, ३ एमबी
- प्रयोगासाठी ठेवलेली साइट: आज काय आहे तिच्यात, ते मालकालाही आठवत नाही

शेवटची ओळ हसण्यावारी नेऊ नका. तिच्याकडे टप्पा ६मध्ये परत यायचं आहे.

आता बँडविड्थ काढू. पाचही साइट मिळून महिन्याला ५,००० पानं आणि एक पान सरासरी २ एमबी धरलं, तर होतात १० जीबी. 'अमर्याद बँडविड्थ'साठी जास्त पैसे मोजायला निघालेल्यांनी हा गुणाकार आधी करावा. बहुतेक वैयक्तिक साइटचं भागायला १०० जीबीसुद्धा चिकार होतात.

फाइलींचं गणित मात्र उलट आहे. वर्डप्रेसला एक मोठा फोटो दिला की तो त्याच्या लहान-मोठ्या प्रती करून ठेवतो: १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ पिक्सेलच्या, वर २५६० पिक्सेलची एक आणि मूळ फोटो वेगळा. म्हणजे एका फोटोमागे आठ फाइली. थीमने (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याने) आपले आकार जोडले की आणखी. १,२०० फोटोंचे साडेनऊ हजार असे होतात, आणि त्यात वर्डप्रेसच्या स्वतःच्या हजारो फाइली धरलेल्याच नाहीत.

तपासा: प्रत्येक साइटच्या ओळीत आकडा आहे का? 'थोडीशी', 'फार नाही' असे शब्द दिसले तर पुन्हा मोजा.

## टप्पा २: होस्टिंगची गरजच नसलेल्या साइट वेगळ्या काढा

ज्या साइटला डेटाबेस नाही, लॉगिन नाही, ती पैसे देऊन ठेवण्याचं कारण नाही. परिचयाचं पान, एखादा जुना बंद केलेला ब्लॉग, ह्यूगो किंवा जेकिल या साधनांनी तयार होणारी साइट या सगळ्या स्थिर साइट, म्हणजे तयार पानं जशीच्या तशी दाखवणाऱ्या. गिटहब पेजेसवर १ जीबीपर्यंतची साइट मोफत राहते, महिन्याला १०० जीबीच्या आसपास वाहतूक चालते. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या मोफत प्लॅनमध्ये २०,००० फाइलींपर्यंत मुभा आहे, फक्त एकेक फाइल २५ एमबीच्या आत हवी. दोन्हीकडे स्वतःचं डोमेन जोडता येतं आणि एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) आपोआप मिळतं.

सावधान: गिटहब पेजेस व्यापारी उलाढालीसाठी नाही, तसं त्यांच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि स्थिर साइटवरचा संपर्काचा फॉर्म आपोआप चालत नाही, त्याला वेगळी सेवा जोडावी लागते.

आपल्या यादीतलं परिचयाचं पान इथे गळालं. उरल्या चार.

## टप्पा ३: होस्टिंगचा प्रकार ठरवा

इथे फार रेंगाळू नका. तीनच पर्याय आहेत.

शेअर्ड होस्टिंग. एका सर्व्हरवर शेकडो खाती, देखभाल कंपनीची. महिन्याला काही हजार पानांच्या चार-पाच साइटना हे पुरतं.

रिसेलर होस्टिंग. मशीन तेच, पण प्रत्येक साइटला स्वतंत्र खातं उघडून देता येतं. नाव ऐकून धंदा करणाऱ्यांसाठी आहे असं वाटतं म्हणून लोक त्याकडे बघतही नाहीत. एकापेक्षा जास्त साइट असणाऱ्याने हा पर्याय किमान तुलनेच्या तक्त्यात तरी घ्यावा, असं माझं मत आहे. कारण टप्पा ६मध्ये येईल.

व्हीपीएस. स्वतंत्र आभासी सर्व्हर. दरपत्रकात हा कधीकधी शेअर्डपेक्षाही स्वस्त दिसतो, कारण तो रिकामा मिळतो. सुरक्षेचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप, मध्यरात्री डेटाबेस बंद पडला तर तो पुन्हा चालू करणं, हे सगळं तुमच्या गळ्यात. कंट्रोल पॅनल हवं तर त्याचा खर्च वेगळा. सीपॅनल या कंट्रोल पॅनलच्या कंपनीने २०१९मध्ये परवान्याचे दर खात्यांच्या संख्येवर आणले, तेव्हापासून स्वस्त व्हीपीएसवर सीपॅनल टाकणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. लिनक्सच्या टर्मिनलवर सवयीने काम करत असाल तरच इकडे वळा. शिकण्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण त्यावर प्रयोगाची साइट ठेवा, ब्लॉग नको.

## टप्पा ४: खरी किंमत काढा

आता कुठे दरपत्रकं उघडायची. तीन किंवा चारच कंपन्या घ्या. दहा घेतल्यात तर तक्ता कधीच पुरा होत नाही.

मोठ्या अक्षरातला आकडा हा पहिल्या मुदतीचा असतो आणि तोही सगळ्यात लांब मुदतीचे पैसे एकरकमी भरले तरच. खरा आकडा त्याच्याखाली बारीक अक्षरात असतो: 'नूतनीकरण या दराने'. तोही सापडला नाही, तर प्लॅन कार्टमध्ये टाका, पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा आणि तिथले तपशील वाचा. पैसे भरू नका.

पाच वर्षांचा हिशेब करा. चलन कुठलंही असो, आकडे असे धरू:

- प्लॅन 'अ': पहिले ३६ महिने दरमहा १००, पुढे दरमहा ३००
- प्लॅन 'ब': कायम दरमहा १६०

'अ'चे पाच वर्षांचे झाले ३,६०० अधिक २४ महिन्यांचे ७,२००, एकूण १०,८००. 'ब'चे ९,६००. जाहिरातीत 'अ' खूपच स्वस्त दिसतो, हिशेबात महाग पडतो. 'तीन वर्षांनी दुसरीकडे जाईन की' असं म्हणणाऱ्यांनी चार साइट, त्यांचे डेटाबेस आणि ईमेल हलवायला लागणारे दोन दिवसही खर्चात मांडावेत. तरीही 'अ' घ्यायचा असेल तर घ्या, पण मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची आठवण आजच कॅलेंडरमध्ये टाका.

या रकमेत पुढचे खर्चही मिळवा: ईमेल खाती वेगळी विकत घ्यावी लागतात का, बॅकअपमधून साइट परत आणायला पैसे पडतात का, एसएसएल मोफत आहे का, कार्टमध्ये कंपनीने स्वतःहून टिकमार्क करून ठेवलेल्या जादा सेवा कोणत्या. शेवटच्या त्या सेवा बहुतेक वेळा काढूनच टाकायच्या असतात.

सावधान: 'पहिलं वर्ष डोमेन मोफत' हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार असू शकतो. डोमेन आणि होस्टिंग एकाच ठिकाणी अडकलं की निघणं जड जातं. डॉट कॉमसारखं डोमेन नोंदवल्यावर पहिले ६० दिवस दुसऱ्या नोंदणीदाराकडे सहसा नेता येत नाही. पैसे परत मागितलेत तर 'मोफत' डोमेनची किंमत त्यातून कापून घेण्याची अटही बऱ्याच ठिकाणी असते. डोमेन एका ठिकाणी, होस्टिंग दुसऱ्या ठिकाणी, हीच व्यवस्था बरी.

## टप्पा ५: 'अनलिमिटेड'च्या आतल्या मर्यादा शोधा

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा. 'अनलिमिटेड वेबसाइट्स'चा अर्थ एवढाच, की कंट्रोल पॅनल तुम्हाला हवी तितकी डोमेनं जोडू देतं. त्या सगळ्या साइटनी मिळून वापरायचा प्रोसेसर, मेमरी आणि फाइलींचा कोटा खात्यामागे ठरलेलाच असतो. दहा साइट टाकल्या म्हणून तो दसपट होत नाही. हे आकडे जाहिरातीच्या पानावर नसतात, ते 'वापराच्या अटी' किंवा मदतीच्या लेखांत असतात. तिथे हे शब्द शोधा:

आयनोड. प्रत्येक फाइल, फोल्डर आणि सहसा प्रत्येक ईमेलसुद्धा एक आयनोड धरला जातो. आपल्या यादीतल्या तीन वर्डप्रेस साइटच्या ३७,००० फाइली. दोन ईमेल खात्यांत पंधरा-पंधरा हजार पत्रं साचली की झाले ६७,०००. कॅशिंगच्या प्लगइनने (तयार पानं साठवून ठेवणाऱ्या, वर्डप्रेसला वरून जोडलेल्या प्रोग्रॅमने) प्रत्येक पानाची प्रत करायला घेतली की मर्यादा १ लाख असली तरी जवळ येते. तेव्हा जागा अर्धी रिकामी असूनही नवा फोटो चढत नाही आणि माणूस चक्रावतो.

एंट्री प्रोसेस. शेअर्ड सर्व्हरवर क्लाउडलिनक्स ही प्रणाली खूप ठिकाणी असते आणि ती प्रत्येक खात्याला वेगळी वेसण घालते. एंट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणी तुमच्या खात्यात किती विनंत्यांवर काम चालू असू शकतं तो आकडा. २० एंट्री प्रोसेस म्हणजे २० वाचक नव्हेत. एक पान तयार व्हायला अर्धा सेकंद लागत असेल, तर सेकंदाला ४० पानं निघू शकतात. तेच पान एखाद्या बिघडलेल्या प्लगइनमुळे ४ सेकंद घेऊ लागलं, तर सेकंदाला पाचच. आणि हे २० चारही साइटमध्ये मिळून. पुस्तकांच्या नोंदींवर एखादा बॉट (आपोआप पानं मागवत राहणारा प्रोग्रॅम) तुटून पडला की भटकंतीचा ब्लॉगही '५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड' दाखवू लागतो.

मेमरी आणि प्रोसेसर. क्लाउडलिनक्सच्या हिशेबात 'सीपीयू १०० टक्के' म्हणजे एक अख्खा कोअर, पूर्ण सर्व्हर नव्हे. मेमरी ५१२ एमबी असेल तर तीन-चार वर्डप्रेस साइटना ती तंग पडते, १ जीबी असेल तर श्वास घेता येतो.

आयओ. डिस्कवरून सेकंदाला किती वाचता-लिहिता येईल तो वेग. जाहिरातीत 'एनव्हीएमई डिस्क' मोठ्याने सांगतात. पण खात्यावर सेकंदाला १ एमबीचा लगाम असेल तर डिस्क कितीही वेगवान असो, तुमच्यापर्यंत थेंबथेंबच येणार. त्या वेगाने २ जीबीचा बॅकअप नुसता वाचायलाच अर्ध्या तासाहून जास्त लागतो.

इथे खरेदीच्या बाहेरची एक गोष्ट सांगतो. सगळ्या साइटचे बॅकअप आणि ठरावीक वेळची कामं रात्री बारालाच लावायची सवय असते. चार बॅकअप एकाच वेळी सुरू झाले की खातं स्वतःच्याच ओझ्याखाली दबतं आणि दोष जातो कंपनीला. एक बाराला, एक सव्वाएकला, एक अडीचला लावा.

तपासा: प्रत्येक प्लॅनसमोर आयनोड, एंट्री प्रोसेस, मेमरी आणि आयओ हे चार आकडे लिहा. आकडा कुठेच सापडला नाही तर 'विचारायचं आहे' असं लिहा. रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना नंतर डोळ्यांना 'ठीक आहे' असाच दिसतो.

## टप्पा ६: साइट एकमेकींपासून वेगळ्या राहतात का?

शेअर्ड होस्टिंगमध्ये पहिल्या डोमेनच्या जोडीला घेतलेली इतर डोमेनं सहसा त्याच खात्यात, त्याच वापरकर्त्याच्या नावाखाली राहतात. म्हणजे एका साइटचा पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे ती) कोड दुसऱ्या साइटच्या फाइली वाचू शकतो, बदलूही शकतो. सगळी भांडी एकाच चुलीवर.

याचा धडा मला प्रयोगाच्या साइटने दिला. कधीकाळी फोटो-गॅलरीचं एक प्लगइन तपासायला ती उघडली होती आणि विसरून गेलो होतो. एके सकाळी शोधनिकालात माझ्या ब्लॉगच्या नावाखाली बुटांच्या जाहिराती दिसू लागल्या. ब्लॉगच्या फोल्डरमध्ये अगम्य नावाची एक पीएचपी फाइल होती. ती काढली, पासवर्ड बदलले, वर्डप्रेस नव्याने चढवलं. दुसऱ्या दिवशी फाइल पुन्हा हजर. तीनदा हेच झालं. चौथ्यांदा फाइलीची तारीख-वेळ घेऊन सर्व्हरचा लॉग (आलेल्या विनंत्यांची नोंदवही) चाळला, तेव्हा कळलं की ब्लॉगला कुणी हातच लावलेला नव्हता. विनंती येत होती त्या विसरलेल्या साइटच्या गॅलरीकडे, आणि तिथून शेजारच्या फोल्डरमध्ये फाइल लिहिली जात होती. मी दार धुऊन पुसून काढत होतो आणि खिडकी सताड उघडी होती.

म्हणून रिसेलर किंवा 'प्रत्येक साइटला वेगळं खातं' देणारा प्लॅन थोडा महाग असला तरी तक्त्यात ठेवा. किमतीतला फरक फार नसेल तर मी डोळे झाकून तोच घेईन. शक्य नसेल तर निदान हे करा: वापरात नसलेली साइट स्थिर करा किंवा काढून टाका, प्रत्येक साइटला वेगळा डेटाबेस आणि डेटाबेसचा वेगळा वापरकर्ता द्या, आणि एका साइटचं फोल्डर दुसरीच्या फोल्डरच्या पोटात ठेवू नका. कंट्रोल पॅनल आपण होऊन तसं सुचवतं, तिथेच जागा बदला.

तपासा: प्रत्येक डोमेनला पीएचपीची वेगळी आवृत्ती निवडता येते का? एखादी जुनी थीम नव्या आवृत्तीवर चालत नाही म्हणून बाकीच्या साइट मागे ठेवायला नकोत. पीएचपी ७.४चा अधिकृत आधार नोव्हेंबर २०२२मध्ये संपला, ८.१चा ३१ डिसेंबर २०२५ला. ८.२ला सुरक्षेच्या दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२६पर्यंतच आहेत. ८.३ किंवा ८.४ देत नसलेली कंपनी यादीतून काढा.

## टप्पा ७: एसएसएल, ईमेल, बॅकअप

एसएसएल. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. ते सगळ्या डोमेनना आपोआप मिळून आपोआप नवं होतं का, एवढंच विचारा. प्रमाणपत्र हाताने चढवायला लावणारा प्लॅन नकोच. प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत असून १५ मार्च २०२९पासून ती ४७ दिवसांवर येणार आहे. चार साइटना दर दीड महिन्याला हाताने कोण करत बसेल?

ईमेल. तासाला किती ईमेल पाठवता येतात आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पत्र खरंच तुमच्या डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या) या तिन्ही नोंदी करता येतात का, ते बघा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलवर पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक सक्तीचं आहे. महत्त्वाचं ईमेल खातं मात्र मी होस्टिंगवर ठेवतच नाही. शेजारच्या एखाद्या खात्याने फालतू पत्रांचा मारा केला की सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदनाम होतो आणि तुमचं साधं उत्तरही स्पॅममध्ये पडतं. शिवाय ईमेल वेगळं असलं तर आयनोडही वाचतात.

बॅकअप. 'रोज बॅकअप' या दोन शब्दांवर विसंबू नका. किती दिवसांचे ठेवतात, तुम्ही स्वतः एकच साइट परत आणू शकता का, आणि ठरावीक आकारापेक्षा मोठ्या खात्याचा बॅकअप घेणं थांबवतात का, हे तीन प्रश्न विचारा. प्लगइनने घेतलेला बॅकअप त्याच खात्यात पडून असेल तर तो बॅकअप नव्हेच. खातं बंद झालं की तोही गेला. वर जागा खातो ते वेगळंच: साइटचा आकार २ जीबी आणि सात दिवसांच्या प्रती म्हणजे १४ जीबी.

## टप्पा ८: सर्व्हरचं ठिकाण आणि वेग

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर वाचकापासून १०,००० किलोमीटरवर असेल, तर एक फेरी जाऊन-येऊन किमान १०० मिलिसेकंद. सुरक्षित जोडणीसह पान मागवायला अशा तीन फेऱ्या लागतात, म्हणजे सर्व्हरने विचार करायला सुरुवात करण्याआधीच पाव सेकंदाहून जास्त वेळ गेला. तेव्हा डेटा सेंटर तुमच्या बहुसंख्य वाचकांच्या जवळ निवडा. तुमच्या स्वतःच्या जवळ नव्हे. दोन्ही एकच असतील तर उत्तम.

'९९.९ टक्के अपटाइम' हा शब्द सगळीकडे सापडेल. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. ती ओलांडली तर भरपाई सहसा पुढच्या बिलात सवलत म्हणून, तीही तुम्ही मागितली तर. या आकड्यावर दोन प्लॅनमध्ये निवड करू नका.

## टप्पा ९: पैसे भरण्याआधी सपोर्टला प्रश्न विचारा

'विचारायचं आहे' लिहिलेले रकाने आता भरायचे. चॅटवर नव्हे, तिकीट (कंपनीच्या साइटवरचा लेखी प्रश्न) किंवा ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. प्रश्न नेमका असावा: 'तुमचा प्लॅन चांगला आहे का?' असं विचारलंत तर 'हो' हेच उत्तर येणार. असं विचारा: 'या प्लॅनमध्ये संपूर्ण खात्याला मिळून किती एंट्री प्रोसेस आणि किती आयनोड आहेत? माझ्या चार साइटना वेगवेगळी खाती देता येतील का? दुसऱ्या मुदतीचा दर किती?'

उत्तर किती तासांत आलं आणि त्यात आकडे होते की 'काळजी करू नका, पुरेल', हे तक्त्यात नोंदवा. विक्रीच्या आधी आकडा न देणारी कंपनी विक्रीनंतर देत नाही.

मग पहिल्या पसंतीचा प्लॅन एकाच महिन्यासाठी घ्या. तो दर महाग असतो, असू दे. कमी महत्त्वाची एक साइट तिथे चढवा आणि आठवडाभर दिवसातून तीनदा ब्राउझरच्या 'नेटवर्क' भागात सर्व्हरचा पहिला प्रतिसाद किती वेळात येतो ते लिहून ठेवा. सरासरीपेक्षा सर्वात वाईट आकडा महत्त्वाचा. सकाळी ३०० मिलिसेकंद आणि रात्री ३ सेकंद असं दिसलं, तर त्या सर्व्हरवर गर्दी आहे. महिनेवारी प्लॅनच नसेल तर पैसे परत मिळण्याच्या मुदतीत हे सगळं उरका.

## टप्पा १०: साइट हलवा, या क्रमाने

१. दोन दिवस आधी डीएनएसमधला (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदींमधला) टीटीएल, म्हणजे ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणा. नाहीतर बदल केल्यावरही दिवसभर काही वाचक जुन्याच सर्व्हरवर जात राहतील.

२. डीएनएसच्या सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवा. नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले की जुन्या ठिकाणच्या नोंदी कुणी वापरत नाही, आणि नव्या ठिकाणी एमएक्स नोंद (ईमेल कुठे पोचवायचं ते सांगणारी) टाकायची राहिली तर साइट झकास चालते पण ईमेल येणं बंद होतं. मला हे तीन दिवसांनी कळलं होतं, तेही कुणीतरी फोन करून विचारल्यावर.

३. फाइली आणि डेटाबेस नव्या ठिकाणी चढवा. स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी आणि डोमेनचं नाव एका ओळीत लिहा. मग फक्त तुम्हाला नवी साइट दिसेल, जगाला जुनीच. आतली पानं, फॉर्म, लॉगिन सगळं इथे तपासा. एसएसएलचा इशारा दिसेल, कारण डोमेन अजून नव्या सर्व्हरकडे वळलेलं नाही आणि तोवर प्रमाणपत्र सहसा मिळत नाही.

४. वाचक कमी असण्याच्या वेळी डीएनएस बदला, होस्ट्स फाइलमधली ती ओळ काढा आणि प्रमाणपत्र आल्याची खात्री करा. ओळ काढायला विसरलात तर डीएनएसमधली चूक तुम्हाला दिसणारच नाही, इतरांना दिसत राहील.

५. एक साइट हलवून दोन दिवस थांबा, मगच दुसरी. चारही एकाच रात्री हलवल्या तर बिघाड कुठे आहे हे शोधता शोधता पहाट होते.

सावधान: जुनं खातं लगेच बंद करू नका. सगळ्या साइट हलवल्यावर दोन ते तीन आठवडे ते चालू राहू द्या आणि त्याच्या लॉगमध्ये वाचकांच्या विनंत्या अजून येतात का ते बघा. जुन्या मेलबॉक्समध्ये मधल्या काळात पडलेली पत्रं उतरवून घ्या. त्यानंतर आधी आपोआप नूतनीकरण बंद करा, कार्डाची माहिती काढा, एक शेवटचा पूर्ण बॅकअप आपल्या संगणकावर उतरवा, आणि मग खातं रद्द करण्याची विनंती लेखी पाठवा. विनंती मिळाल्याचं उत्तर आलं की ते त्याच स्प्रेडशीटच्या फोल्डरमध्ये ठेवा.